नरवानर ओळखावा कशावरून?

श्रोतेहो, नमस्कार. मादागास्करचा लीमर, आशियातला मोठ्या डोळ्यांचा लोरिस, माकड, गोरिला आणि माणूस हे सस्तन प्राण्यांच्या एकाच गणातले. त्याला मराठीत नरवानर गण म्हणतात. १७५८ साली सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसनं या गणाला ‘प्रायमेट्स’ हे नाव दिलं, तेव्हा त्यात वटवाघळंही होती. छातीवरची स्तनांची जोडी हे लक्षण त्यानं धरलं होतं आणि वटवाघळात ते दिसतं. एकाच खुणेवर भिस्त ठेवली की असं होतं.

पकड घेणारा अंगठा, नख्यांऐवजी चपटी नखं, समोर पाहणारे डोळे ही लक्षणं आपण शाळेत शिकतो. पण कोळी माकडाच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतोच. मार्मोसेट या दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या माकडाला पायाचा अंगठा सोडून सगळीकडे नख्या असतात. डोळ्यामागचं हाडाचं कडं तर घोड्यालाही असतं. म्हणून ही लक्षणं एकत्रच पाहायची. जीवाश्माची कवटी हाती असेल, तर अभ्यासक मध्यकर्णाखालचा हाडाचा फुगवटा तपासतात. नरवानरांत तो आंतरकर्ण वेढणाऱ्या हाडापासूनच बनतो.

आता गणाच्या आतली विभागणी. पहिली फोड नाकावरून. लीमर आणि लोरिस ओल्या नाकाचे: वरचा ओठ हिरडीला बांधलेला, खालचे पुढचे दात आडवे आणि फणीसारखे, पायाच्या दुसऱ्या बोटाला केस विंचरायची नखी. बाकीचे कोरड्या नाकाचे.

आग्नेय आशियातल्या टार्सिअर या नरवानरानं मात्र बराच काळ घोळ घातला. लहानखुरा, निशाचर, पायाला विंचरायच्या नख्या, म्हणून त्याला लीमरांबरोबर बसवलं जाई. पण त्याचं नाक कोरडं, ओठ मोकळा, आणि आपल्यासारखंच त्याचं शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. बहुतेक लीमर-लोरिसांच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, याच्या डोळ्यात तो नाही. अंधारात दिसावं म्हणून डोळेच प्रचंड झाले; एकेक डोळा जवळपास मेंदूएवढा! त्याची जागा माकडांच्या आणि आपल्या बाजूला, हे मला पूर्ण पटतं.

पुढची फोड दातांवरून. अमेरिकेतल्या माकडांना जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात तीन उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्या मधले दात, तर आफ्रिका-आशियातली माकडं, कपी (गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी) आणि माणूस यांना दोन. इथे नुसते एकूण दात मोजले तर फसगत होते. मार्मोसेटचे दात ३२ आणि आपलेही ३२. फरक एवढाच, की त्याला जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात एक उपदाढ जास्त आणि एक दाढ कमी. उपदाढा वेगळ्या मोजा.

कपींना शेपटी नसते हे खरं, पण उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी माकडालाही ती दिसत नाही. तेव्हा खालची दाढ पाहावी. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या दाढेवर चार उंचवटे, दोन आडव्या कंगोऱ्यांत जोडलेले. कपींच्या आणि माणसाच्या दाढेवर पाच, मधून इंग्रजी वाय अक्षरासारखी खाच. आरशासमोर तोंड उघडून आपली खालची पहिली दाढ पाहा. ती झिजलेली किंवा भरलेली नसेल, तर बहुधा पाच उंचवटे मोजता येतील.