हार्ट अटॅकनंतर पांढऱ्या पेशी का वाढतात?

नमस्कार मंडळी! बाबांची अँजिओप्लास्टी झाली, दुसऱ्या दिवशी सीबीसीचा रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी १४,०००. नॉर्मल साधारण ४,००० ते ११,०००. परळला वॉर्डाबाहेर बसलेला मुलगा असो की बोरिवलीत व्हॉट्सॲपवर रिपोर्ट बघणारी मावशी, दोघांच्याही तोंडी एकच प्रश्न: "इन्फेक्शन झालं का हो?"

इन्फेक्शन नसतानाही अटॅकनंतर हा आकडा वाढतो. रक्त मिळालं नाही की हृदयाच्या स्नायूतल्या पेशी मरतात. त्यांच्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, आणि अटॅकचं निदान त्यावर आणि ईसीजीवर होतं. मेलेल्या पेशी साफ करायला काही तासांतच न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, धावून येतात.

या न्यूट्रोफिलच्या पोटात काय असतं बघा. बारीक बारीक कणांत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं प्रथिन भरलेलं असतं. रंगाने चक्क हिरवं! पुवाला हिरवट झाक येते ती यामुळेच. ते हायपोक्लोरस आम्ल तयार करतं, म्हणजे ब्लीचमध्ये जंतू मारणारा पदार्थच. जंतूंसाठी ठेवलेलं हे हत्यार इथे हृदयात चालतं, म्हणून आजूबाजूचा जिवंत स्नायूही होरपळतो. दुसरी जोडी एस१००ए८ आणि एस१००ए९ ची. ही प्रथिनं सूज पेटती ठेवतात. रक्तात ती किती सापडतात, यावरून सूज किती जोरात आहे याचा अंदाज येतो. संशोधकांना त्यांत रस आहे तो म्हणूनच.

मग ही फौज रोखूनच टाकावी? तसं नाही. उंदरांमधले न्यूट्रोफिल काढून टाकले, तर जखम उलट नीट भरली नाही. मागून मोनोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार, येतात, काही थेट प्लीहेच्या साठ्यातून. तेच पुढे कचरा उचलतात आणि व्रण धरायला मदत करतात.

औषधाने ही सूज आवरता येते का, याचेही प्रयोग झाले. २०१९ च्या कोल्कॉट चाचणीत ४,७४५ पेशंट होते. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन हे सूज कमी करणारं औषध घेणाऱ्यांना पुढचा त्रास कमी झाला. २०२४ मधल्या त्याहून मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. म्हणून कृपा करून मेडिकलमधून स्वतःहून आणू नका.

या प्रथिनांच्या वेगळ्या टेस्टसाठी लॅबच्या चकराही मारू नका, आज त्यावर उपचार ठरत नाहीत. आणि छातीत दुखत असेल तर कुठल्याच रिपोर्टची वाट बघायची नाही, १०८ लावा.

वॉर्डात डॉक्टर राउंडला आले की एवढं विचारा: ताप आहे का, आणि पांढऱ्या पेशींचा आकडा रोज उतरतोय का?