शेपटीवरून ओळख

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नाशिकला समुद्र नाही. पण त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर जिथं गोदावरी उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. गोदामाई मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटरची वाट चालून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. माझ्या वर्गातल्या मुलांचंही तसंच आहे. समुद्र जवळ आहे, पण पाठीमागे. सातवीच्या वर्गात मी विचारलं, समुद्र कुणी कुणी पाहिलाय? ४२ मुलांमधून ११ हात वर आले.

त्या वर्गात एकदा देवमाशांचा विषय निघाला. गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, ते मुलांनी मोबाईलवर पाहिलेलं होतं. लोक त्याच्यावर पाणी ओतत होते, ओल्या कापडानं झाकत होते. ते पिल्लू वाचलं नाही. मुलं त्यावर बोलत होती, म्हणून मी त्यांना दुसऱ्या एका जातीच्या देवमाशाबद्दल सांगितलं, हंपबॅकबद्दल. हंपबॅक म्हणजे पाठीवर कुबड असलेला. सांगितलं, की हा गातो, हजारो किलोमीटर प्रवास करतो, आणि अरबी समुद्रातले हंपबॅक जगातल्या बाकीच्या हंपबॅकपेक्षा वेगळे आहेत. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "बाई, पण हे कळलं कसं?"

श्रोतेहो, आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचंय. आपण मुलांना विज्ञान म्हणून शोध सांगतो, आकडे सांगतो. ते कसे कळले, हे सांगायचं मात्र राहून जातं. मला वाटतं, आपण चुकतो ते इथंच. त्या मुलीला उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. आधी मलाच शिकावं लागलं.

सुरुवात आम्ही मैदानावर केली. १५ मीटर सुतळी मोजून जमिनीवर ताणली. पूर्ण वाढलेला हंपबॅक साधारण १२ ते १६ मीटर लांब असतो, म्हणजे आपल्या एसटीच्या लाल गाडीपेक्षाही लांब. पुढचा एकेक पंख अंगाच्या लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश. तो पाच मीटरचा पंख मुलांनी चुन्यानं आखला आणि त्यात एकामागे एक आडवी झोपून पाहिली. मग मी म्हटलं, हा एवढा प्राणी बहुतेक सगळा वेळ पाण्याखाली असतो. श्वास घ्यायला वर येतो, पाठ दिसते, आणि खोल बुडी मारताना शेपटी क्षणभर हवेत उचलली जाते. बस. तेवढ्यात त्याला ओळखायचं. कसं ओळखाल?

उत्तर त्या शेपटीतच आहे. हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू काळी-पांढरी असते, आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी. कुठं डाग, कुठं ओरखडे, कडेला खाचा. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखंच. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर संशोधकांनी या शेपट्यांचे फोटो काढून जपायला सुरुवात केली. तिथं तर नावंही शेपटीवरच्या किंवा अंगावरच्या खुणांवरून ठेवतात. एका मादीच्या पाठीवरच्या पंखावर मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा डाग होता, तिचं नाव 'सॉल्ट'. ती गेली कित्येक दशकं तिथं येते आहे. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी वंशावळ फोटोंवरून लागलेली आहे.

मी शेपट्यांचे २५ फोटो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काढून आणले. एकाच प्राण्याचे वेगवेगळ्या वर्षी घेतलेले दोन-दोन फोटो, आणि एक फोटो मुद्दाम जोडी नसलेला. हे मात्र मुलांना सांगितलं नाही. गट केले आणि जोड्या लावायला दिल्या. पहिली दहा मिनिटं नुसता गलका. मग हळूहळू वर्ग गप्प होत गेला. मुलं डोळे बारीक करून बघायला लागली. एकानं सांगितलं, पांढरा भाग बघू नको, उन्हानं तो कमी-जास्त दिसतो, कडेच्या खाचा बघ. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी ज्या गटाकडे तो एकटा फोटो होता, ती मुलं रडकुंडीला आली. जोडी सापडेना. मी विचारलं, मग या देवमाशाबद्दल आपण काय लिहायचं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "हा पहिल्यांदाच दिसलाय." मी फळ्यावर तसंच लिहिलं: प्रथम दिसला. जगभरातल्या संग्रहांमध्ये प्रत्येक शेपटीची सुरुवात अशीच झालेली आहे.

आता हे फोटो जुळवायचं काम संगणकही करतो. पर्यटकांनी काढलेले फोटोसुद्धा त्यात येतात. त्यातूनच एका नराची गोष्ट उलगडली. २०१३ आणि २०१७ मध्ये तो कोलंबियाच्या किनाऱ्यावर दिसला होता, प्रशांत महासागरात. २०२२ मध्ये तोच आफ्रिकेच्या पूर्वेला झांझिबारजवळ दिसला. कमीत कमी अंतर धरलं तरी १३,०४६ किलोमीटर. मुलांनी पृथ्वीगोलावर दोरा लावून ते मोजलं, आणि दोरा पृथ्वीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला वळसा घालतो हे बघून एक मुलगा नुसता "आयला" म्हणाला. त्या दिवशी मी त्याला रागावले नाही.

आता गाण्याकडे येते. यावर मी सगळ्यात जास्त तास घालवले आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन यांच्या पाण्यातल्या मायक्रोफोनवर चमत्कारिक आवाज टिपले जात होते. ते ध्वनिमुद्रण देवमाशांचे संशोधक रॉजर पेन आणि केटी पेन यांच्या हाती आलं. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं, की हे नुसते आवाज नाहीत, हे गाणं आहे. त्याचे तुकडे ठरलेल्या क्रमानं येतात आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पण ते ठरवलं कसं? आवाज कागदावर उतरवून. उंच आवाज वर, खर्जातला खाली, असा आलेख काढून.

आम्हीही तेच केलं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी वाटल्या आणि स्पीकरवर गाणं लावलं. आवाज चढला की रेघ वर, उतरला की खाली, थांबला की पेन्सिल उचलायची. कुणी हसलं नाही, हे मला विशेष वाटलं. बरीच मिनिटं गेली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, परत तेच आलं!" सगळ्यांनी आपापल्या कागदावर मागे जाऊन बघितलं. खरंच, तोच चढ, तोच उतार. श्रोतेहो, कानाला जे नुसतं कण्हणं वाटत होतं, त्याचं डोळ्यांपुढे गाणं झालं.

गातात ते नर, आणि एका भागातले सगळे नर साधारण एकच गाणं गातात. ते गाणं बदलत जातं, हे केटी पेन यांनी वर्षानुवर्षांची ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. पुढे असंही दिसलं, की ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची गाणी एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे पूर्वेला सरकत फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पोचतात. हे सांगितल्यावर ढोलपथकात वाजवणारा आमचा एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे आपला नाशिक ढोल पुण्याला गेला तसं." मला याहून चांगलं उदाहरण सुचलं नसतं. कुणी शाळा काढून शिकवत नाही. एकानं ऐकलं, उचललं, दुसऱ्यानं त्याच्याकडून घेतलं.

याच मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली. तो पोहायला जातो. पाण्याखाली डोकं घालून कुणी दोन दगड आपटले, तर आवाज अगदी कानात वाजल्यासारखा येतो, पण कुठून आला ते कळत नाही, असा त्याचा अनुभव. त्याचं निरीक्षण पक्कं आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहूनही जास्त. एरवी एका कानाला आवाज किंचित आधी पोचतो, त्यावरून आपल्याला दिशा समजते. पाण्यात तो फरक इतका लहान होतो, की आपल्याला तो पकडताच येत नाही. पाण्यातला मायक्रोफोन लावून समुद्र ऐकणाऱ्यांना म्हणूनच एकाहून जास्त मायक्रोफोन लांब लांब ठेवावे लागतात.

मग मोजणी. देवमासे मोजायचे कसे, ते काही रांगेत उभे राहत नाहीत. मी डबाभर चवळी आणली. त्यातले ४० दाणे काढून त्यांना शाईचा ठिपका दिला, परत टाकले, डबा हलवला. मग न बघता ५० दाणे काढले. त्यात ठिपक्याचे निघाले १०. म्हणजे पाचातला एक. ठिपक्याचे एकूण ४० आहेत, तर सगळे मिळून किती? त्रैराशिक मुलांना येतंच. २००. नंतर खरोखर मोजले तर भरले २१२. मुलांना १२ चा फरक खटकला, आणि तो खटकावा हेच मला हवं होतं. अंदाज म्हणजे चूक नव्हे. पण अंदाजाला तो अंदाज आहे असंच म्हणावं लागतं.

शेपटीचा फोटो म्हणजे शाईचा ठिपका. अरबी समुद्राच्या पलीकडच्या ओमानच्या किनाऱ्यावर २००० ते २००४ या काळात काढलेल्या फोटोंवर असाच हिशोब केला गेला. अंदाज आला ८२. फक्त ८२. आमच्या सातवीच्या दोन तुकड्यांचा पट ८४ आहे. त्या दिवशी मी दोन्ही तुकड्या मैदानात उभ्या केल्या आणि दोन मुलांना बाजूला बसवलं. काही बोलले नाही.

इतके कमी का, हेही मी सांगितलं, कारण मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. १९६० च्या दशकात सोव्हिएत शिकारी जहाजांनी अरबी समुद्रात बेकायदा २४२ हंपबॅक मारले. अधिकृत कागदांवर खोटं लिहिलं गेलं. पण जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या आणि १९९० च्या दशकात त्या जगापुढे आणल्या. त्या नोंदींमध्ये पोटात काय सापडलं ते होतं, गर्भाची वाढ किती होती ते होतं. त्यावरून समजलं, की हे देवमासे इतर हंपबॅकसारखे थंड समुद्राकडे जात नाहीत. इथंच खातात आणि इथंच वितात. खायला मिळतं ते मान्सूनमुळे. जो नैऋत्य वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच ओमानच्या किनाऱ्यावरून वाहताना खालचं गार, पोषक पाणी वर आणतो. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यावर मासे. इगतपुरीला कोसळणारा पाऊस आणि त्या देवमाशांचं जेवण एकाच वाऱ्यानं येतं.

हे वेगळेपण पुढे कातडीच्या तुकड्यांवरूनही पटलं. छोटा पोकळ बाण मारून कातडीचा चिमूटभर तुकडा काढतात आणि त्यातला डीएनए तपासतात. हा कळप सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा राहिला आहे, असा त्यातून निष्कर्ष निघाला. मुलांचा पहिला प्रश्न होता: दुखत नाही का? मी सांगितलं, कधी कधी देवमासा दचकतो, बुडी मारतो. म्हणून संशोधक स्पर्श न करता काम करायच्या वाटाही शोधतात. देवमाशानं श्वास सोडला की त्या फवाऱ्यातून ड्रोन नेतात, ड्रोनला बांधलेल्या बशीत त्याचे थेंब जमतात, आणि तेवढ्यावर तपासणी होते. ही कल्पना मुलांना फार आवडली.

आणि लुबान. ही एक मादी. ओमानमध्ये २०१७ मध्ये तिला उपग्रहाशी जोडलेलं छोटं यंत्र लावलं गेलं. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली आणि तिथून दक्षिणेला भारताच्या टोकाकडे गेली. त्याआधी या देवमाशांचा असा पल्ला कुणी पाहिलेला नव्हता. लुबान म्हणजे सुगंधी डिंकाचं झाड. तिच्या शेपटीवरची नक्षी झाडासारखी आहे. आपला लोबान हा शब्दही त्याच अरबी शब्दावरून आलाय, हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरी दर गुरुवारी असतो."

नाशिकच्या मुलांनी याचं पुढे काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. ते त्यांनी ठरवलं. आमच्या शाळेच्या गल्लीत भटकी कुत्री आहेत. नसबंदी झालेल्यांच्या कानाला खाच असते. मुलांनी फाटकाच्या आतूनच, लांबून, त्यांची वही सुरू केली. एका पानावर एक कुत्रं. कानाची खाच कुठल्या बाजूला, पाठीवरचा डाग कसा, कधी दिसलं, किती वाजता. नावं खुणांवरूनच ठेवायची, असा नियम त्यांनी स्वतःच केला. म्हणून एकाचं नाव 'दोन मोजे' आहे आणि एकीचं 'अर्धी भाकरी'.

गेल्या सोमवारपर्यंत वहीत नऊ पानं होती. मंगळवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी धावत आली आणि वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली. दहावं पान. तपकिरी पिल्लू, डाव्या पुढच्या पायावर पांढरा ठिपका, कानाला खाच नाही. वेळ, ११ वाजून ४० मिनिटं. नावाची जागा अजून रिकामी होती, आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: प्रथम दिसलं.