तेरावी मात्रा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मघाशी परिचय करून देताना ‘संगीताचे अभ्यासक’ म्हणाले. तसं काही नाही. मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले आणि सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डी गोळा केल्या. लहानपणी सहा वर्षं तबला शिकलो, त्यातला तीनताल तेवढा हातात राहिला. आज तो लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

‘हिप हॉप, जॅझ, इलेक्ट्रॉनिक : नवं संगीत शोधायचं कसं’ असा विषय फळ्यावर वाचून पहिल्या रांगेतली दोन-तीन मंडळी दचकली. मी पाहिलं. दचकू नका, आपण सावकाश जाऊ.

१९८४ साली माझ्या मामेभावानं दुबईहून एक कॅसेट आणली. नव्वद मिनिटांची, कुणाकडून तरी भरून घेतलेली. वरच्या कागदावर निळ्या बॉलपेननं एकच शब्द लिहिलेला : ‘मिक्स’. तिच्या दुसऱ्या बाजूला मध्यावर कुठेतरी पियानो होता. एकच छोटी सुरावट, थोडी डुलत चालणारी, पुन्हा पुन्हा तीच, आणि तिच्यावर नंतर एक पितळी वाद्य येतं. मी ती बाजू इतकी वाजवली की टेप ताणली आणि पियानो पाण्यात बुडवल्यासारखा वाजायला लागला. वाजवणारा कोण, म्हणून भावाला विचारलं. तो म्हणाला, “मला काय माहीत? तिकडं खोलीवरच्या एकानं भरून दिली.” झालं, वाट तिथंच बंद.

त्यानंतर दहा वर्षांनी मी जेवायला बसलोय, समोर केबलवर गाणी चाललीत आणि तोच पियानो. त्याच्यावर एक पोरगा झराझरा बोलतोय, म्हणजे रॅप करतोय. मी उष्ट्या हातानं टीव्हीपुढं उभा. खालच्या कोपऱ्यात नाव आलं : अस थ्री. लंडनचा ग्रुप. पुढच्या शनिवारी मुंबईत काळा घोड्याला रिदम हाऊस या रेकॉर्डींच्या दुकानात गेलो आणि काउंटरपलीकडच्या गृहस्थांना सुरावट गुणगुणून दाखवली. ते हसले. म्हणाले, “हे त्या पोरांचं नाही हो. हर्बी हॅनकॉक. चौसष्ट सालचं.”

म्हणजे रॅपच्या मागून मी जॅझमध्ये शिरलो, तीस वर्षं उलटा. अस थ्रीनं ब्लू नोट या कंपनीची परवानगी घेऊन त्यांच्या जुन्या रेकॉर्डींचे तुकडे वापरले होते आणि नावंही सांगितली होती. मूळ रेकॉर्ड हाती आली तेव्हा मी आधी मागची बाजू वाचली. पियानो हॅनकॉक. ते पितळी वाद्य म्हणजे कॉर्नेट, वाजवणारा फ्रेडी हबर्ड. बास रॉन कार्टर. ड्रम्स टोनी विल्यम्स, रेकॉर्डिंगच्या वेळी वय वर्षं १८. अठराव्या वर्षी मी ‘धा धिं धिं धा’ची लय सांभाळताना घामाघूम होत होतो.

मागच्या बाजूवरची ही चार नावं म्हणजे चार दारं असतात. रॉन कार्टरचंच बघा. तुम्ही म्हणाल, हा साठच्या दशकातला जॅझवाला. पण अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट नावाची न्यूयॉर्कची रॅपवाली मंडळी आहेत, त्यांच्या १९९१च्या अल्बममध्ये एका गाण्यावर हाच माणूस स्वतः येऊन बास वाजवून गेलाय. मला हे कुण्या जाणकारानं सांगितलं नाही. नाव धरून चालत गेलो, तिथं पोचलो. त्या कॅसेटवाल्यानं ‘मिक्स’ऐवजी दोन शब्द जास्त लिहिले असते तर माझी दहा वर्षं वाचली असती. त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

पण नाव मुद्दाम न सांगण्याचीही एक परंपरा आहे, आणि हिप हॉपचा जन्मच तिच्यात झालाय. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधला ब्राँक्स भाग, १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. तिथल्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एका मुलीनं शाळा सुरू होण्याआधी कपड्यांना पैसे हवेत म्हणून पार्टी ठेवली. रेकॉर्डी वाजवायला तिचा भाऊ. त्याला सगळे कूल हर्क म्हणत. हर्कच्या लक्षात आलं होतं की नाचणारी पोरं गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट बघतात. गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि फक्त ड्रम्स उरतात, ती जागा. तिला म्हणतात ब्रेक. काही सेकंदांचा मामला. हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या, दोन रेकॉर्ड प्लेअरवर ठेवल्या, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू. बाकी गाणं गेलं बाजूला.

आता असा ब्रेक कुठल्या रेकॉर्डमध्ये सापडतो, हीच त्याची सगळी मिळकत. म्हणून हा पठ्ठ्या रेकॉर्डींचे लेबल पाण्यात भिजवून काढून टाकायचा. दुसऱ्या डीजेनं वाकून पाहिलं तरी हाती काही लागू नये. आपल्याकडे खाँसाहेब चिजेची स्थायी, म्हणजे पहिला भाग, मोकळेपणानं गात आणि पुढच्या अंतऱ्याचे शब्द गिळत, असं सांगतात ना? ब्राँक्समध्ये तेच, फक्त बादलीत. आणि आपल्याकडे जसे भातखंडे निघाले, घराण्याघराण्यांचे उंबरे झिजवून चिजा गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकाच्या सहा भागांत छापून मोकळे झाले, तसं तिकडंही झालं. १९८६ पासून न्यूयॉर्कमधल्या दोघा जणांनी लोकप्रिय ब्रेक असलेली गाणी एकत्र करून रेकॉर्डींची एक मालिकाच काढली. पंचवीस भाग. कुणाला आवडलं, कुणी शिव्या घातल्या. छापलेल्या चिजांवर आपल्याकडेही नाकं मुरडली गेलीच होती.

त्या मालिकेत एक गाणं होतं, आणि आता तुमचा तीनताल बाहेर काढा.

विन्स्टन्स नावाचा वॉशिंग्टनचा बँड. १९६९ साली त्यांची एक छोटी रेकॉर्ड आली. पुढच्या बाजूचं गाणं गाजलं, त्याला ग्रॅमी मिळालं. मागच्या बाजूला भरतीचं म्हणून ‘आमेन, ब्रदर’ नावाचं वाद्यसंगीत. मधेच सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. चार-चार मात्रांचे चार खंड, एकूण सोळा. बरोबर तीनतालाचं एक आवर्तन! वेळ सात सेकंद. मी हे पहिल्यांदा बोटांवर मोजलं तेव्हा मला घरात कुणालातरी सांगायचं होतं, पण सगळे झोपले होते.

टेबलावर वाजवून दाखवतो. पहिल्या आठ मात्रा सरळ आहेत, गाण्यातला ठेकाच पुढं चालू. तिसऱ्या खंडात तो एक टोला किंचित उशिरा टाकतो. आपल्याला वाटतं चुकला. चुकलेला नाही. आणि मग तेरावी मात्रा. आपण तिथं टाळी देतो. बरोबर तिथं कोलमन हात वर धरतो. रिकामी जागा. पुढच्या तीन मात्रांत घाईघाईनं आडलयीत काहीतरी बोलतो आणि झांज समेपर्यंत, म्हणजे पुढच्या पहिल्या मात्रेपर्यंत, न थांबता आधीच वाजवून टाकतो. पुन्हा ऐका... हां, आता मागून ‘वा’ आली. माझ्या टेबलाला नाही, त्या माणसाला होती.

ती पंचवीस भागांची मालिका निघाली त्याच सुमारास सँपलर नावाची यंत्रं आवाक्यात आली. आवाजाचा तुकडा कापून साठवायचा आणि बटणावर वाजवायचा. १९८७च्या एका गाजलेल्या यंत्रात सगळे मिळून जेमतेम दहा सेकंद मावत. कोलमनचा सात सेकंदांचा ब्रेक त्यात तुकडे करून बसवता यायचा. तो आधी अमेरिकेतल्या रॅपमध्ये गेला. मग नव्वदीच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या पोरांनी त्याची गती वाढवली, एकेक टोला सुटा केला, पुन्हा उलटसुलट जोडला आणि त्यातून जंगल आणि ड्रम अँड बेस हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. हजारो गाणी आहेत. तुम्ही जाहिरातीतसुद्धा तो ऐकलेला असणार.

बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना हे सगळं कळलं १९९६ साली. तोवर त्यांना पत्ताच नव्हता. त्या ब्रेकपायी त्यांना कुणी रॉयल्टी दिली नाही. २०१५ मध्ये एका ब्रिटिश डीजेनं लोकांकडून वर्गणी काढली, २४ हजार पौंड जमले, ते स्पेन्सरना दिले. कोलमन त्याआधीच, २००६ साली गेला. अटलांटा शहरात, डोक्यावर छप्पर नसलेल्या अवस्थेत. आपले सात सेकंद जगभर वाजताहेत हे त्याला माहीत तरी होतं का, असं स्पेन्सर यांनाच वाटत राहिलं.

आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा. ‘अलबेला’ १९५१चा. अण्णांची, सी. रामचंद्रांची गाणी इथल्या निम्म्या सभागृहाला पाठ असतील. भगवानदादांची स्टेप तर सगळ्यांना येते. त्यातला ट्रम्पेट चिक चॉकलेट या हळदोण्याच्या गोंयकाराचा, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा माणूस. हात वर करा, किती जणांना नाव ठाऊक होतं? ... चार.

चरणजित सिंग यांचंही थोडक्यात सांगतो. मुंबईत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत वाजवणारे. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची नवी यंत्रं आणली आणि भैरवी, ललित, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले. त्यातलं ३०३ नावाचं छोटं यंत्र बास गिटारवाल्याची जागा घ्यायला बनवलेलं. तसं ते बेकारच निघालं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, म्हणजे गरिबाची मींड. रागाला तेवढं पुरलं. रेकॉर्ड कुणी घेतली नाही. काही वर्षांनी शिकागोच्या तीन पोरांनी सेकंडहँड ३०३वर काहीतरी किंचाळणारं बनवलं. तिथल्या रॉन हार्डी या डीजेनं ते एका रात्रीत चारदा वाजवलं म्हणतात. पहिल्यांदा लोक नाचायचे थांबून निघून गेले, चौथ्यांदा वेडे झाले. त्याला ॲसिड हाउस म्हणतात. आणि २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत चरणजितची रेकॉर्ड मिळाली. वाजवतो तर काय, शिकागोच्या आधीचं शिकागो! २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा काढली, मग म्हातारपणी चरणजित युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये गेले.

‘मग आम्ही काय करायचं’ अशी चिठ्ठी आलीय. रोज सकाळी ग्रुपवर अकरा लिंका टाकायच्या नाहीत. मीही टाकायचो, कुणी ऐकत नाही. आता मी एकाच माणसाला एकच गाणं पाठवतो, त्याला काय आवडतं ते आठवून. सोबत दोन ओळी : कितव्या मिनिटाला कान द्यायचा आणि तिथं वाजवतंय कोण. मोबाइलवर फक्त गाणाऱ्याचं नाव दिसतं, ड्रमवाला शोधायला पाच मिनिटं लागतात. लागू देत. माझी नात मला असंच मराठी रॅप पाठवते, खाली लिहिते, “आजोबा, बीट कोणी बनवलाय ते बघ.” पोरगी तयार झालीय.

आता मी खाली बसतो. ही ती विन्स्टन्सची रेकॉर्ड, मागची बाजू. मंडळी, मांडीवर ठेका धरा. साधारण दीड मिनिटानं सगळे थांबतील. तेराव्या मात्रेला टाळी देऊ नका.