बेरेनिकेच्या वाळूतला बुद्ध

श्रोतेहो, नमस्कार.

इजिप्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात, नाईल वाहू लागते. आज मात्र आपण नाईल मागे टाकून पूर्वेकडे, वाळवंटात शिरणार आहोत. ही वाट उंटांच्या तांड्याला बारा दिवसांची होती. प्लिनी या रोमन लेखकानं तिचं वर्णन करून ठेवलंय. ऊन इतकं कडक, की चालायचं रात्री आणि दिवसा मुक्काम करायचा. वाट संपली की तांबडा समुद्र दिसायचा, आणि त्याच्या काठावर बेरेनिके नावाचं बंदर.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात टॉलेमी दुसरा या राजानं ते वसवलं आणि त्याला आपल्या आईचं नाव दिलं. दक्षिणेकडून, पूर्व आफ्रिकेतून लढाईसाठी हत्ती आणायचे, म्हणून हे बंदर. पुढे इजिप्त रोमनांच्या हाती गेला आणि हत्तींच्या बंदरात मिरी उतरू लागली. सहाव्या शतकात गाव ओस पडलं, वाळूखाली गेलं. १९९४ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन चालू आहे.

जानेवारी २०२२ मध्ये याच ठिकाणी, इसिस देवीच्या मंदिराच्या अंगणात, पोलंड आणि अमेरिकेच्या पथकाला एक मूर्ती मिळाली. उंची ७१ सेंटीमीटर, संगमरवरी. उभा पुरुष, डाव्या हातात चिवराचा घोळ धरलेला, मस्तकामागे प्रभामंडळ आणि त्यावर सूर्यकिरण कोरलेले, बाजूला कमळ. एप्रिल २०२३ मध्ये इजिप्त सरकारनं ही बातमी जाहीर केली. ती मूर्ती गौतम बुद्धाची आहे.

आता तिचा दगड पाहा. अभ्यासकांच्या मते हा संगमरवर आजच्या इस्तंबूलच्या दक्षिणेकडचा असावा, आणि मूर्ती घडवली गेली ती इजिप्तमध्येच. म्हणजे कुणा भारतीयानं ती गलबतातून बरोबर नेलेली नाही. तिकडच्या कारागिराला समोर बसवून, आमचा देव असा दिसतो, वस्त्र असं धरतो, हे समजावून सांगत करवून घेतलेली ही मूर्ती आहे. ते बोलणं कोणत्या भाषेत झालं असेल? मला या मूर्तीतलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल, तर ते हे न ऐकू येणारं संभाषण.

याच मंदिरात एक शिलालेखही सापडलाय. त्यात ग्रीक मजकूर आहे आणि ब्राह्मी लिपीतलं संस्कृतही आहे. काळ दिलाय तो फिलिप राजाच्या सहाव्या वर्षाचा. हा फिलिप म्हणजे रोमचा सम्राट, अरब प्रांतात जन्मलेला, म्हणून इतिहासात ‘फिलिप अरब’ याच नावानं ओळखला जातो. त्याची कारकीर्द इसवी सन २४४ ते २४९. याच सम्राटानं २४८ साली रोम नगरीला हजार वर्षं पूर्ण झाल्याचा मोठा उत्सव केला होता, आणि पुढच्याच वर्षी तो लढाईत मारला गेला. त्याच सुमाराला तांबड्या समुद्राच्या काठी वासुल नावाचा एक क्षत्रिय सर्व जीवांच्या हितसुखासाठी एक प्रतिमा दान करत होता आणि ते दगडावर कोरून ठेवत होता.

श्रोतेहो, हा लेख वाचला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. नाशिकच्या पांडवलेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा लेख आहे. त्याची चाल हीच: आधी राजाच्या कारकिर्दीचं वर्ष, मग दान देणाऱ्याचं नाव, मग दान. सर्वांच्या हितसुखाची भाषाही आपल्या लेण्यांतल्या दानलेखांना थोड्याफार फरकानं ठाऊक आहे. वासुलनं फक्त राजा बदलला. सातवाहनाच्या जागी रोमचा सम्राट घातला आणि बाकी सगळी रीत घरची ठेवली!

शाळेत आपण शिकलो की रोमन व्यापारी भारतात येत, सोनं देऊन मिरी नेत. ते खरंच आहे. बेरेनिकेतच सेरापिस देवाच्या मंदिरात भारतीय घडणीच्या एका रांजणात साडेसात किलोंहून जास्त काळी मिरी मिळाली, तीही पहिल्या शतकातली. पण त्या कथेत आपली माणसं कायम धक्क्यावर उभी असतात, येणाऱ्या जहाजाची वाट पाहत. बेरेनिकेची माती वेगळं सांगते. तिथे मूग सापडलेत, तांदूळ आणि नारळ सापडलेत. मिरी विकायला नेतात हे समजू शकतं, पण मूग? मला तरी तो घरच्या जेवणाची सवय सोबत नेलेल्या माणसांचा शिधा वाटतो. खापराच्या तुकड्यावर तमिळ-ब्राह्मीत लिहिलेलं नाव मिळालंय. घरांच्या बांधकामात भारतीय सागवान सापडतं. मोडीत निघालेल्या जहाजांच्या फळ्या आणि तुळया तिथे पुन्हा वापरात आल्या असाव्यात. गावाबाहेर पाळीव प्राण्यांची दफनभूमी आहे. त्यात मांजरं आहेत, कुत्री आहेत, आणि भारतीय जातीची माकडंही आहेत, काळजीपूर्वक पुरलेली. इतक्या लांबच्या समुद्रप्रवासात कुणीतरी ती सांभाळून नेली होती.

हा प्रवास वाऱ्याच्या भरवशावर चाले. जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघायचं, नैर्ऋत्येचा वारा शिडात घेऊन भारताचा किनारा गाठायचा, आणि वारा उलटा फिरला की हिवाळ्यात परतायचं. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं या वाटेची माहिती लिहून ठेवली. तीच ‘पेरिप्लस’. त्यात पैठण आहे, तेर म्हणजे तगर आहे, सेमुल्ला म्हणजे आपलं चौल आहे. पैठणहून गोमेदाचे खडे भडोच बंदरात येत, तेरहून कापड येई. कल्याणबद्दल तर तो एक खास गोष्ट सांगतो: पूर्वी तिथे रीतसर व्यापार चाले, पण आता ग्रीक जहाज चुकून तिथे आलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. सातवाहन आणि भडोचकडचे क्षत्रप राजे यांची चुरस जहाजांच्या वाटांपर्यंत पोचली होती ती अशी. जकातीचं म्हणाल, तर रोमच्या हद्दीत पूर्वेकडच्या मालावर २५ टक्के घेत. तरीही हा व्यापार परवडत होता, एवढी मागणी होती.

माणसं जातात तशा वस्तूही जातात. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. आणि उलट दिशेनं पाहायचं तर कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली. समुद्रापासून एवढ्या आत, पंचगंगेच्या काठी!

पण बेरेनिकेच्या बुद्धाशेजारी ठेवायला माझ्याकडे आणखी जवळचं उदाहरण आहे, आणि ते बघायला कोणत्याही संग्रहालयात जावं लागत नाही. कार्ल्याचं चैत्यगृह तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. एकवीरेच्या दर्शनाला गेलेला माणूस तिथे डोकावतोच. आपण मान वर करून लाकडी कमानी बघतो, पुढे स्तूपापर्यंत जाऊन परत फिरतो. पुढच्या वेळी जरा थांबून खांबांकडे पाहा. त्यांतले अनेक खांब स्वतःला ‘यवन’, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी, म्हणवणाऱ्या माणसांनी दान केले आहेत. त्यांची नावं भारतीय वळणाची आहेत, त्या अर्थी ती माणसं इथे चांगलीच रुळलेली असावीत. त्यांनी बुद्धासाठी खांब दिले, आणि वासुलसारख्या कुणीतरी इसिसच्या अंगणात बुद्ध ठेवला.

कार्ल्यातल्या एका खांबावरचा लेख मी आता तुम्हाला वाचून दाखवतो. भाषा प्राकृत आहे, पण मराठी कानाला ती अवघड जाणार नाही. थंभो म्हणजे खांब.

‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं.’

धेनुकाकट गावच्या सिहधय नावाच्या यवनानं दिलेला खांब. पुण्याहून जाताना लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला गाडीतून उतरलात, की लेणी तिथून लांब नाहीत.

नमस्कार.