छोटी .२२ रिव्हॉल्व्हर: चूक नळीची की हाताची?

[दृश्य: टेबलावर चार रिव्हॉल्व्हर. सगळे खाने रिकामे. सर्वांत छोट्याचं सिलिंडर काढून शेजारी ठेवलेलं.]

चार रिव्हॉल्व्हर, आणि चौघांत चालणारं काडतूस एकच: .२२ लाँग रायफल. १८८७ पासून ते चालत आलंय.

डावीकडचं नॉर्थ अमेरिकन आर्म्सचं मिनी. नळी सव्वा इंचाहून आखूड, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, पाच गोळ्या. त्याच्या शेजारी रुगर एलसीआर: आठ गोळ्या, जेमतेम ४२० ग्रॅम. तिसरं रुगर सिंगल-सिक्स, १९५३ साली आलेलं, जुन्या काउबॉय घाटाचं. आणि उजवीकडे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १७, सहा इंची नळीचं, किलोभराहून जड.

रिकामे डबे पाडायचे असतील, तर यांतलं कुठलं किती अंतरावरून भरवशाचं? ‘नळी आखूड म्हणून नेम वाईट’ हे उत्तर सगळे देतात. ते अर्धंच खरं आहे.

[दृश्य: मिनी आणि मॉडेल १७ वरून, एकाशेजारी एक. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांमधलं अंतर पट्टीने मोजलं जातंय.]

पट्टी बघा. मॉडेल १७ च्या पुढच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंत सुमारे १९ सेंटिमीटर. मिनीवर हेच अंतर पाच-सहा सेंटिमीटर, आणि मागे धड खाचही नाही. फ्रेमच्या माथ्यावर नुसती एक चर आहे. आता माशी अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली असं धरू. दहा मीटरवर मॉडेल १७ ची गोळी अडीच सेंटिमीटर ढळेल. मिनीची आठ सेंटिमीटरहून जास्त. डब्याचा व्यास साडेसहा सेंटिमीटर असतो, म्हणजे मधोमध धरलेला नेमही डबा सोडून जाणार. नळीने काहीच बिघडवलेलं नाही. अर्धा मिलिमीटर आपल्या डोळ्याला दिसलाच नाही, एवढंच.

दुसरी भानगड चापाची. .२२ हे रिमफायर काडतूस, त्यात मधोमध पेट घेणारी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेत, आतून गोल पसरलेलं असतं, आणि फायरिंग पिनला ती कडच चेपावी लागते. त्यासाठी जोरदार ठोका हवा, ठोक्यासाठी कडक स्प्रिंग हवी, आणि डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे चाप ओढल्यानेच ठोका देणारा हॅमर मागे जातो तिथे, ती स्प्रिंग आपलं बोट दाबतं. एलसीआरमध्ये हॅमर आत झाकलेला, त्यामुळे दर गोळीला तो पूर्ण लांब ओढा घ्यावाच लागतो. अशा .२२ चा चाप साडेचार-पाच किलोचा असणं नेहमीचंच. ४२० ग्रॅमची वस्तू स्थिर धरून तिच्यावर दहापट जोर लावायचा! सिंगल-सिक्सचा हॅमर अंगठ्याने आधी मागे ओढला, की चापाला फार तर दीड-दोन किलो पुरतात.

[दृश्य: सिंगल-सिक्सच्या सिलिंडरवर मार्करने १ ते ६ आकडे.]

मग हात वजा करून हत्यार कसं तपासायचं? वाळूच्या पिशवीवर मनगटं आणि मुठीचा तळ टेका. नळी टेकवू नका. गोळी वेगळीकडे लागते. आणि पिशवीचं कापड सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ नको. ही फट साधारण ०.१५ मिलिमीटरची, पण तिथून दर वेळी गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. कापड फाटतं. बोट असेल तर बोट भाजतं.

काडतुसाचा ब्रँड बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजायच्या नाहीत. .२२ च्या शिशावर मेणाचा किंवा तेलाचा लेप असतो. जुना लेप नळीतून जाऊन नवा बसेपर्यंत गोळ्या भटकतात. त्यानंतर प्रत्येक ब्रँडचे पाच-पाच गोळ्यांचे किमान पाच ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके. एकच सुंदर ग्रुप खिशात घालून मिरवणारे बरेच भेटतात. तो ग्रुप काहीही सिद्ध करत नाही. ‘ही एक माझी चुकली’ म्हणून भोक वगळायचं नाही. सर्वांत लांबच्या दोन भोकांचं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, आणि पाचही ग्रुपची सरासरी. बस.

सिलिंडरवर आकडे कशाला? सिंगल-सिक्सला नळी एक असली तरी खाने सहा, आणि प्रत्येक खाना नळीसमोर तितकाच नेमका उभा राहतो असं नाही. ग्रुप पसरट आला, तर एका कागदावर फक्त १ नंबरच्या खान्यातून पाच गोळ्या, दुसऱ्यावर २ नंबरच्या, असं करत जा. कंटाळवाणं काम आहे, पण बरेचदा पाच खाने एका जागी मारतात आणि सहावा एकटाच बाजूला. तो खाना रिकामा ठेवला, की तेच रिव्हॉल्व्हर एकदम शहाणं वागायला लागतं.

[दृश्य: जवळून. रिकामं रिव्हॉल्व्हर, बोट सिलिंडरला हलकेच टेकलेलं, हॅमर हळूहळू मागे.]

खाना नीट थांबतो का, हे गोळी न झाडताही कळतं. हत्यार रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. बोटाने सिलिंडरला किंचित अडवत हॅमर सावकाश मागे घ्या. हॅमर अडकण्याआधी सिलिंडर ‘टक्’ करून बसलं पाहिजे. नाही बसलं, तर गोळी नळीच्या तोंडाशी एका अंगाने तासली जाते. त्या बाजूला उभ्या असलेल्याच्या गालावर शिसं उडतं, आणि नेम तर गेलाच.

सिंगल-सिक्ससोबत पुष्कळदा .२२ मॅग्नमचं दुसरं सिलिंडर मिळतं. हे काडतूस १९५९ चं, आणि पुंगळीने जाड: ६.१ मिलिमीटर, तर लाँग रायफलची ५.७. म्हणून मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये लाँग रायफल घालायचं नाही. ढिल्या खान्यात पुंगळी फाटते आणि वायू मागे येतो. एकाच नळीतून दोन्ही काडतुसं सारखाच ग्रुप देतील ही अपेक्षाही नको.

[दृश्य: खान्यातून काजळीचा थर निघतोय. ब्रश, चिंधी.]

पन्नास-साठ गोळ्यांनंतर खान्यांत मेण आणि काजळी साचते. काडतूस शेवटच्या मिलिमीटरला अडतं, कड पूर्ण टेकत नाही. मग हॅमरचा ठोका काडतूस पुढे ढकलण्यातच खर्च होतो आणि गोळी उडत नाही. दोष काडतुसाला दिला जातो, खरं काम ब्रशचं असतं. गोळी उडाली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मगच सिलिंडरला हात लावा. आवाज नुसता ‘फुस्’ आला तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते.

डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण, या .२२ लाही. डब्यामागे मातीचा उंच बांध हवा, दगड किंवा पाणी नको, कारण शिशाची गोळी त्यांवरून उसळते. मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाते.

[दृश्य: बांधासमोर डबे. कॅमेरा एकेक अंतर मागे सरकतो.]

आता अंतरं. मिनीला पाच मीटर, आणि तेही मूठ लहान वाटत असेल तर मोठी बसवून. एलसीआरला सात ते दहा. चापाचा सराव झाल्यावर ते पहिल्या दिवसाच्या मानाने ओळखू येणार नाही इतकं नीट मारतं. सिंगल-सिक्स पंधरा मीटरवर मजेत. मॉडेल १७ पंचवीसवर उभ्याने झाडा. पण एकच घ्यायचं असेल, तर आमचं बोट सिंगल-सिक्सवर: चाप हलका, माशी खाचेपासून लांब, आणि एकेक पुंगळी काढत भरायचं असल्यामुळे दारूगोळाही सावकाश संपतो.