शारदा बघून बाहेर पडलेली माणसं काय बोलत होती

नमस्कार मंडळी. आज 'संगीत शारदा' या नाटकाबद्दल बोलायचंय. आपल्याच कोल्हापुरातल्या हौशी कलाकारांनी ते परत उभं केलंय आणि मागच्या आठवड्यात दसरा चौकात शाहू स्मारकला प्रयोग झाला. कुणी काम कसं केलं, कुणाचा सूर कुठं लागला नाही, ते सांगणारे सांगतीलच, मला सांगायचंय ते खुर्च्यांवरच्या माणसांचं, कारण त्या रात्री मी अर्धा वेळ स्टेजकडं आणि अर्धा वेळ मान वळवून मागंच बघत होतो.

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक, किर्लोस्कर नाटक मंडळींनी १८९९ साली पहिल्यांदा केलेलं. भुजंगनाथ म्हणून पंच्याहत्तरीचा श्रीमंत म्हातारा, त्याला परत बोहल्यावर चढायचंय. कांचनभट हा लोभी बाप, पैसे घेऊन आपली कोवळी पोर शारदा त्याला द्यायला तयार. मध्ये भद्रेश्वर दीक्षित नावाचा दलाल, आणि हे सगळं मोडायला निघालेला कोदंड. झालं.

आणि हे नाटक कोल्हापूरला परकं नाही बरं का. आपले गायक नट केशवराव भोसले लहान वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत शारदेचंच काम करायचे, 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद म्हटलं की जुन्या लोकांच्या तोंडात अजून त्यांचंच नाव येतं. पुढं १९०८ ला हुबळीला स्वतःची ललितकलादर्श नाटक कंपनी काढली आणि १९२१ ला गेलेसुद्धा, एकतीस वर्षांचं आयुष्य फक्त. शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ साली सुरू झालेलं, त्याला पुढं त्यांचं नाव दिलं, आणि तेच नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्यामुळं प्रयोगाआधी बाहेर चहाला उभ्या असलेल्या वयस्कर मंडळींत शारदेपेक्षा आगीचाच विषय जास्त, कोण कुठल्या रांगेत बसायचं, कुठल्या खांबामुळं दिसायचं नाही, असले हिशेब चाललेले. ते ऐकून मला वाटलं आज सगळे आठवणी काढायलाच आलेत, नाटक बघायला कोण आलंय की नाही देव जाणे.

पहिला अर्धा भाग तसाच गेला. नांदीला टाळ्या, पायपेटीवाल्याला टाळ्या, नुसता शालू नेसून कोण आली तरी टाळ्या. 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' सुरू झालं तर अख्खं थिएटर गायला लागलं, पुढची ओळ स्टेजवरून यायच्या आधी खुर्च्यांतून येत होती, आणि वन्स मोअर तर असा पडला की तो दिल्याशिवाय नाटक पुढं सरकेना. माझ्या शेजारी कॉलेजची पोरं होती, त्यांना वन्स मोअर हा प्रकारच नवीन, एकजण म्हणाला, "काय ओ काका, रिपीट मारतात होय?" हो बाबा, रिपीटच. पण ती पोरं पण हसत होती, कवळी, रंगवलेले केस, नवरदेवाचा तोरा, जोक अजून चालतो. सव्वाशे वर्षांचा जोक चालतो ही साधी गोष्ट नाही हं.

पण मला तिथंच जरा खुपायला लागलं. कारण म्हाताऱ्यावर हसणं लई सोपं असतं. तो परका, तो बावळट, तो आपल्यातला कुणीच नाही. हसलं की आपण सुटलो.

मग आला कांचनभट. ज्यानं हे काम केलं त्यानं एक गोष्ट भारी केली, त्यानं तो बाप खलनायकासारखा केलाच नाही, डोळे फिरवणं नाही, हात चोळणं नाही, एकदम साधा माणूस, आपल्या कॉलनीत राहतो तसला, मुलीचं भलंच करतोय असं त्याला स्वतःला खरंच वाटतंय. व्यवहाराची बोलणी त्यानं दुकानात उधारीचा हिशेब करतात तशा आवाजात केली. तिथं पहिल्यांदा हशा आला नाही. कुणीतरी मागं हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं, तुम्हाला सांगतो, ते थांबणं मला टाळ्यांपेक्षा जास्त ऐकू आलं.

मध्यंतरात वड्याच्या लाईनीत हाच विषय. एक गृहस्थ म्हणाले, "बापाची बी बाजू असती की, घरात काय नसलं म्हणजे माणूस काय करणार," तर त्यांच्या बायकोनं तिथंच, वडा हातात असतानाच, "मग तुमच्या ताईंना कशाला नाही दिलं तसं?" विषय संपला. तिकडं पन्हाळ्याच्या बाजूची दोन तरणी पोरं होती, लग्नाची, त्यातला एकजण म्हणतो, "आमच्याकडं उलटंय ओ, शेती हाय म्हटलं की पोरगी नको म्हणती, एजंटला पैसं देऊन बाहेरनं बायको आणायला लागल्यात लोकं." सगळे हसले, तोही हसला. पण २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं ८३९ मुली होत्या, २०११ ला ८६३, आणि त्यातलीच पिढी आता लग्नाला आलीय. म्हणजे कांचनभट गेला कुठं नाही, दलाल तर नाहीच नाही, फक्त पैसे द्यायची बाजू बदललीय... नाही, बाजू पण बदललेली नाही बघा, तेव्हाही नवऱ्याकडूनच बापाला पैसे जायचे. मुलीला विचारायचं तेव्हाही राहून गेलेलं.

आता शेवटचा भाग, ज्यावरून बाहेर सगळ्यात जास्त भांडणं झाली. लग्न लागायला आलंय आणि कोदंड येऊन ते थांबवतो, कशावरून? तर वधू-वर सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे, निघतात. मी हे नाटक वाचलंय, ऐकलंय, पण तिथं मला कधी अडकायला झालं नव्हतं. बाहेर पडताना जिन्यावर एक मावशी आपल्या सुनेला म्हणाल्या, "म्हणजे गोत्र वेगळं असतं तर चाललं असतं काय गं?" बास. पंच्याहत्तर वर्षं कुणाला अडली नाहीत, गोत्र अडलं. देवलांना हे कळत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही, उलट त्यांनी मुद्दामच समाजाला त्याच्याच पोथीत पकडलंय, दयामायेनं हलत नसाल तर घ्या, तुमचाच नियम तुमच्यापुढं. पण एक जुने रसिक, पदं कमी केली म्हणून आधीच वैतागलेले, ते म्हणाले शेवट ओढूनताणून आहे, शंकराचार्यांचा निवाडा वगैरे आजच्या पोरांना काय कळणार, कापून टाका. मला ते पटलं नाही. शेवटचा अंक रेंगाळतो हे खरं, तिथं दोनतीन लोक मोबाईल काढून बसलेले मी पण बघितले, पण लग्न मोडल्यावर ती पोर नदीकडं जीव द्यायला जाते आणि नंतरही तिचं काय करायचं ते ठरवणारा दुसराच कोणतरी असतो, हे कापलं तर उरेल काय, म्हाताऱ्याची कवळी?

आणखी एक, हे तिथं चारजणांनी तरी मला सांगितलं म्हणून बोलतो. 'या नाटकामुळंच शारदा कायदा झाला.' नाही हो. बालविवाहाविरुद्धचा १९२९ चा तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या आडनावावरून ओळखला जातो, लग्नाला मुलीचं वय कमीत कमी १४ आणि मुलाचं १८ असं त्यात ठरलेलं, नाव जुळलं तो योगायोग. नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं. मला विचाराल तर योगायोग असण्यातच जास्त मजा आहे, पण ती समजूत काय मरत नाही, सांगितलं तर लोक नाराज होतात.

नाटकवाल्या मंडळींना आता हेच नाटक घेऊन तालुक्यांच्या गावी जायचंय, पन्हाळा, राधानगरी, गडहिंग्लज. पदं आणखी कमी करू काय असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं पदं करा कमी, पायपेटी नसली तरी चालेल, हार्मोनियमवर भागवा, पण वड्याच्या लाईनीला वेळ ठेवा, मध्यंतर दहा मिनिटांचं करू नका. तुमच्या गावात हॉल असेल, शाळेचं पटांगण असेल तर कळवा, आणि तुम्ही शाहू स्मारकला होता तर कुठं हसला आणि कुठं हसायचं थांबला ते पण लिहून पाठवा, पुढच्या वेळी वाचून दाखवतो. नमस्कार.