टायटनच्या समुद्राचा ठाव वरूनच कसा लागला?

नमस्कार मंडळी! आज पुण्यातून थेट शनीच्या टायटन या चंद्रावर. तिथल्या लिजिया मारे या समुद्रात एका ठिकाणी १६० मीटर खोली मोजली गेली. ना होडी, ना दोर. कॅसिनी यानाने मे २०१३ मध्ये वरून जाता जाता ती मोजली.

साध्या कॅमेऱ्याचं तिथे काही चालत नाही, नारिंगी धुरकं फार दाट. इन्फ्रारेडच्या मोजक्या पट्ट्यांत थोडंफार दिसतं. रडारच्या २.१७ सेंटिमीटरच्या लहरी मात्र आरपार जातात.

कॅसिनीच्या रडारची डिश ४ मीटरची. आपल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची एकेक डिश ४५ मीटरची, म्हणजे ही चिमुकलीच. शिवाय यानाला पक्की बसवलेली, त्यामुळे नेम धरायला अख्खं यान वळवायचं. पृथ्वीशी बोलायचं तेही याच डिशने! म्हणून टायटनकडे तोंड असेपर्यंत सगळं साठवायचं, पाठवायचं नंतर.

डिश तिरकी धरली की नकाशा मिळतो. गुळगुळीत समुद्र लहरी पलीकडेच परतवतो, म्हणून काळा दिसतो. खोलीसाठी डिश सरळ खाली.

(स्क्रीनवर आलेख: परतलेल्या लहरींची ताकद, वेळेनुसार)

हे उंच शिखर पृष्ठभागाचं. मागचं बुटकं तळाचं. मध्ये सुमारे १.४ मायक्रोसेकंद. हा समुद्र पाण्याचा नाही, मुख्यतः द्रव मिथेनचा; त्यात लहरींचा वेग निर्वातातल्या पाऊणपटीहून किंचित जास्त, म्हणजे मायक्रोसेकंदाला २३० मीटर धरा. गुणाकार ३२२. हे जाऊन-येऊन झालं, निम्मं करा: १६१. जमलं!

जमलं ते मिथेनमुळे. पाणी असतं तर या लहरी काही मिलिमीटरांतच विरल्या असत्या. तळाचा प्रतिध्वनी खोलीबरोबर किती क्षीण होतो, यावरून लिजियात बहुतांश मिथेन आहे हेही कळलं.

आता भानगडी. डिसेंबर २००८ मध्ये टायटनवरच्याच ऑन्टारिओ लॅकस या तळ्याचा पृष्ठभाग इतका सपाट निघाला, की परतलेल्या सिग्नलने रिसीव्हरच भरून गेला. शिखराचा माथा कापला गेला, खरी उंची गेली.

दुसरी किनाऱ्याजवळची. या रडारला निर्वातात सुमारे ३५ मीटरपेक्षा जवळचे दोन प्रतिध्वनी सरळसरळ वेगळे दिसत नाहीत. उथळ भागात दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळतात, मग ती गणिताने सोडवावी लागतात.

आणि क्राकेन मारे या टायटनवरच्या दुसऱ्या समुद्राच्या मुख्य भागात दुसरं शिखर आलंच नाही. तळ फार खोल, की द्रवच लहरी जास्त शोषतोय? नुसत्या गायब शिखरावरून ते ठरत नाही.